निळ्या टाइलचं घड्याळ

१३ जानेवारी २००२
नाही जाणार! मुहूर्त काढून केलेल्या वास्तुशांतीला मी जात नाही, पोटच्या लेकीची असली तरी. शुभांगीच्या लग्नालाही गेलो नव्हतो. येत्या मेमध्ये चार वर्षं होतील. गोरज मुहूर्त, सहा वाजून बेचाळीस मिनिटं — पत्रिका अजून पाठ आहे. त्या संध्याकाळी मी नांदगावला ‘मुहूर्ताची गुलामी’ यावर बोलत होतो. टाळ्या थांबेनात. तेव्हापासून लेक माझ्याशी बोललेली नाही.
आज तिचं पत्र आलं. तिच्या आईच्या, प्रतिभाच्या नावावर. सायखेड्याला घर बांधलंय. वास्तुशांतीचा मुहूर्त दहा फेब्रुवारी, सकाळी नऊ वाजून बारा मिनिटं. शेवटी एक ओळ — “बाबांना सांग.”
“पूजेला नका बसू, पण घर तरी बघाल?” — प्रतिभा.
दिवसभर विचार केला. मुहूर्त उलटल्यावर जाईन. अकरा वाजता. तत्त्वही राहील, लेकही.

१५ जानेवारी
रिकाम्या हातानं जायचं नाही. घड्याळ करतो. अंबडच्या कारखान्यात वीस वर्षं ओतकामासाठी लाकडी साचे केले, एवढं जमायला हवं. भिंतीवरचं नको, फळीवर बसेल असं. जुन्या चौकटीचं सागवान पडून आहे. तबकडीच्या जागी टाइल — स्वयंपाकघराच्या ओट्याला लावली त्यातली उरलेली. पांढऱ्यावर निळी फुलं. सहावीत असताना शुभांगीनं दुकानात हट्ट धरून निवडली होती. मी साधी पांढरी घ्या म्हणत होतो. एकच उरली आहे. फुटली की संपलं.

१९ जानेवारी
टाइलला मधोमध भोक पाडलं. थेंब थेंब पाणी सोडत, हात न हलवता. तास गेला. फुटली नाही!
“युनियनच्या सभेत एवढा वेळ गप्प बसला असतात तर!” — प्रतिभा.

२४ जानेवारी
चौकट जुळली. कोपरे काटकोनात.

२७ जानेवारी
घोटाळा. टाइल चौकटीत खुळखुळते. दीड मिलिमीटर मोकळी! टाइलच्या मागे दीडशे मिलिमीटर छापलंय; चौकट सकाळपासून मोजतोय, तीही दीडशेच.
कोंडाजी आला. कारखान्यातला जुना सोबती. त्यानं माझी मोजपट्टी उचलली, उजेडात धरली आणि हसत सुटला. “भाऊ, ही ओतकामाची पट्टी! चौकट काय आता आकसणार हे?”
खरंच की. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून साच्याच्या पट्टीवर शंभराला एक जास्त धरलेला असतो. वीस वर्षं तीच हातात. दुसरी पट्टी घ्यावी हे डोक्यातच आलं नाही.
“आन् स्टेजवरून लोकांची मापं काढता!” जाताजाताही हसत होता. मला मात्र हसू आलं नाही.

२८ जानेवारी
रंध्यातून निघालेली सालपटं चारी बाजूंनी चिकटवली. घट्ट बसली.

३ फेब्रुवारी
लाखेच्या पॉलिशचा तिसरा हात. सागाच्या रेषा उठून आल्या.

५ फेब्रुवारी
रविवार कारंज्यावरच्या दुकानातून घड्याळाचं मशीन आणि काटे आणले. रेडिओच्या ठोक्यांवर वेळ लावली. आमच्या हॉलमधलं घड्याळ प्रतिभा दहा मिनिटं पुढे ठेवते — माझ्यासाठी. हे पुढे नाही, मागे नाही.

९ फेब्रुवारी
प्रतिभा पुढे गेली. बस यायच्या आधी म्हणाली, “नऊला या हो.”
“अकराला.”
काहीतरी बोलणार होती. बस आली.

१० फेब्रुवारी
सायखेड्याला पोचलो तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं. पूजा सुरूच झाली नव्हती! गुरुजी भिंतीला टेकून बसलेले, पाहुणे भुकेनं कावलेले. शुभांगी दारात उभी.
तिची सासू धोंडाबाई मला बघून उसळलीच — “आले का व्याही! लग्नात बी हेच. मुहूर्त गेला, अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले, पर पोरगी माळ घालंना. सव्वासातपर्यंत उभी. बाबा येतील म्हणे!”
मी प्रतिभाकडे पाहिलं.
“तुम्ही विचारलंत कधी?” — प्रतिभा.
शुभांगीनं माझ्या हातातलं घड्याळ घेतलं. निळ्या फुलांवरून बोट फिरवलं. फळीवर ठेवलं आणि वळून म्हणाली, “गुरुजी, आता करा सुरू.”