आई फुग्यात काय बोलल्या

अहो,

आम्ही सासू-सुना सुखरूप आहोत. काल गरम हवेच्या फुग्यातून फिरून आलो. ऐनवेळी तुमचं ऑफिसचं काम निघालं, म्हणून तुमच्या जागी आई चढल्या.

"आमच्या हिला स्टुलावरून उतरवायलाही अग्निशमन दल लागतं," असं तुम्ही दर पार्टीत सांगता ना? फुगा सुटला तेव्हा मी खरंच डोळे मिटून टोपलीची कड घट्ट धरली होती. आई पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "घाबरू नकोस गं. तुझा नवरा शाळेत असताना गच्चीतल्या टाकीवर चढला आणि भोकाड पसरून बसला. शेवटी अग्निशमन दलाच्या माणसाने काखोटीला मारून खाली आणला."

मी डोळे उघडले. खालचं सगळं फार सुंदर दिसत होतं.

उतरताना टोपली कलंडली, आईंचं कोपर जरासं खरचटलंय. काळजी नको. तुम्ही वेळेवर जेवता ना? आणि ते ऑफिसचं काम उरकलं का?

आल्यावर तुमच्या मित्रमंडळींना जेवायला बोलावू. स्टुलाची गोष्ट तुम्ही रंगवून सांगा, मी नेहमीसारखी हसेन. मग आई बोलतील. त्यांची तालीम सुरू आहे.

तुमचीच,
स्टुलावरची