गाण्यातली पुनरुक्ती

ती. ताई यांना,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. (वाकून राहण्याची सवय सध्या आमच्या घरात कुणाला जास्त आहे, ते पुढे येईलच.) तुमचे गुडघे आता कसे आहेत? त्या नव्या तेलाने गुडघ्यापेक्षा चादरीच जास्त मऊ पडल्या, असं साडूसाहेब फोनवर म्हणाले. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, तेल चालू ठेवा. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. खरं विचाराल तर क्षेमाने या घरात पाय ठेवून बरेच दिवस झाले.

धाकटीच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, इतकं तुम्हाला कळवलं होतं. पुढचं कळवलं नाही, कारण कळवायला तोंड नव्हतं. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता, तो डॉक्टरांनी जागेवर चिकटवला आणि तिथेच राहावा म्हणून आत हवेचा एक बुडबुडा सोडला. हा बुडबुडा वर चढतो, म्हणून पेशंटने तोंड जमिनीकडे करून राहायचं. बसताना, जेवताना, झोपतानासुद्धा. मान वर केली की बुडबुडा सरकतो, पडदा सुटू शकतो, आणि मग डोळा गेला तो गेलाच. (हे डॉक्टर इतकं मोजकं बोलतात की माझ्यासारख्या जुन्या उपसंपादकाला त्यात कापायला काही सापडेना.) आता तुमच्या बहिणीचा स्वभाव मी तुम्हाला काय सांगावा? जी बाई लग्नाच्या फोटोतसुद्धा हललेली आहे, तिने टेबलाच्या कडेला उशी बांधून त्यावर कपाळ टेकवून दिवसच्या दिवस बसायचं! तिला फरशी दिसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय दिसतात. माझ्या पायांतल्या दोन चपला दोन वेगळ्या जोडांतल्या आहेत, हा शोध तिनेच लावला. वाचायचं नाही, टीव्ही नाही, खिडकी नाही. शेवटी तिने निक्षून सांगितलं, की मला बाईंचं गाणं आणून द्या, नाहीतर मी मान वर करून बसेन, मग डोळ्याचं काय व्हायचं ते होवो.

बाई म्हणजे अर्थातच तुम्हा दोघींच्या गाण्याच्या बाई. त्या गेल्या, पण त्यांच्या शिकवणीच्या कॅसेटी धाकटीने जिवापाड जपल्या होत्या आणि त्यांना बुरशी धरायच्या आत सगळं गाणं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं होतं. (कॅसेटी पुढे बुरशीने गेल्याच.) कॉम्प्युटर काही तिच्या नाकाखाली नेऊन ठेवता येत नाही आणि मोबाईलचा गुळगुळीत पडदा न बघता चालवता येत नाही. म्हणून मी बटणांचं एक यंत्र आणलं. काडेपेटीएवढं आहे, चाचपून चालतं. दुकानदार म्हणाला, काका, यात हजार गाणी बसतात. त्याची गाणी कुठली होती कोण जाणे. त्याचं एक गाणं संपेल तेवढ्या वेळात आपल्या बाई नुसता तंबोरा लावायच्या! एकेक रेकॉर्डिंग एवढं लांबरुंद, की थोडीशी आत गेली आणि यंत्राने जागा संपल्याचं सांगून हात वर केले.

मी पुन्हा दुकानात गेलो. दुकानदाराने सांगितलं, की गाणी दाबून लहान करा, म्हणजे सगळी बसतील, कानाला काही कळायचं नाही. ताई, इथे माझ्यातला उपसंपादक जागा झाला आणि तिथेच माझा घात झाला. आमच्या धंद्यात एक नियम आहे. मजकूर जास्त झाला तर अक्षर बारीक करायचं नाही, मजकूर कापायचा. अक्षर बारीक केलं की वाचकाला चष्मा लागतो आणि संपादकाला शिव्या. बाईंचा आवाज मी बारीक करू? तोही डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या बायकोसाठी? (आता वाटतं, त्या दुकानदाराचे पाय धरायला हवे होते.) मी बाणेदारपणे घरी आलो, गाणं कापायचा प्रोग्राम कॉम्प्युटरवर घेतला आणि बाही वर सरसावून बसलो.

खोटं कशाला बोलू, मला मजा आली. निवृत्त झाल्यापासून कुणी माझ्यापुढे कापायला काही टाकलं नव्हतं. सुरुवातीची तंबोऱ्याची तार उडवली, कारण ती प्रस्तावना. आलाप उडवले, कारण त्यात शब्द नाहीत आणि शब्द नाहीत तिथे मजकूर नाही. मग मुख्य गाण्याकडे वळलो, तर काय सांगू, बाई एकच ओळ म्हणताहेत! म्हटली, पुन्हा म्हटली, जरा वळवून पुन्हा म्हटली. बरं, त्यांनी म्हटल्यावर मागून कुठलीशी पोर तीच ओळ परत म्हणते, तीही चुकत. बाई पुन्हा म्हणतात, पोर पुन्हा चुकते. आमच्या डेस्कवर एका बातमीत एकच वाक्य दोनदा आलं तर वार्ताहराची बिनपाण्याने व्हायची. मी बाईंची ओळ एकदाच ठेवली, चांगली निवडून ठेवली, आणि पोरीला समूळ काढली. तासाभराचं गाणं हाताच्या पंजावर मावेल एवढं झालं. सगळी शिकवणी त्या काडेपेटीत बसली, वर जागाही उरली. मग आयुष्यभराच्या शिस्तीप्रमाणे कापलेला मजकूर टोपलीत टाकला. कॉम्प्युटरवरही टोपली असते, तीही रिकामी केली. मूळ रेकॉर्डिंगच्या जागी कापलेलं रेकॉर्डिंग ठेवलं, कारण एकाच बातमीच्या दोन प्रती फिरत राहिल्या की घोळ होतो.

आणि मग विजयी मुद्रेने यंत्र तिच्या हातात दिलं. तिने कानात इअरफोनची बोंडं घातली, बटण दाबलं. मी तिच्या पाठीकडे बघत उभा, कारण सध्या बघायला तेवढंच मिळतं. पहिलं गाणं संपलं असावं, दुसरं संपलं असावं. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, आनंद झाला. मी विचारलंसुद्धा, की कसं झालंय. तिने झटकन मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ताई, ऑपरेशननंतर मला तिचं तोंड पहिल्यांदा दिसलं ते असं, एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्यातून धारा. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "मागून म्हणणारी ती मुलगी मी होते."

इतकी वर्षं जिच्यासोबत संसार केला तिचा आवाज मला ओळखू आला नाही. चुकणारी पोर म्हणून मी तिला टोपलीत टाकली. जी बाईंच्या समोर बसली होती, जिला बाई ओरडायच्या, ती कुठेच उरली नाही. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की मीही फरशीकडे बघायला लागलो.

त्यात मान वर झाल्यामुळे डॉक्टरांकडे धावावं लागलं. डॉक्टर म्हणाले, बुडबुडा आहे जागेवर, पण पुन्हा असं झालं तर मी जबाबदार नाही. मान खाली ठेवायचे दिवस त्यांनी वाढवून दिले. आता ती कानात काही घालत नाही, माझ्याशी बोलत नाही, आणि सारखी चुळबुळ करते. दर थोड्या वेळाने मान उचलायला लागते, मी "खाली, खाली" म्हणतो, ती खाली करते आणि माझ्या चपलांकडे बघून सुस्कारा सोडते. डोळा जाईल या भीतीने मला घास उतरत नाही. घरात दोन माणसं, दोघांच्या माना खाली. यापुढे मी काय करावं, मला काही सुचत नाही. साडूसाहेबांना नमस्कार.

आपला,
(तुम्ही दोघी पाठीमागे ज्याला "संपादकसाहेब" म्हणता तो) उपसंपादक

ता. क. : मूळ मुद्दा राहिलाच. बाईंच्या सगळ्या शिकवणीची एक प्रत तुमच्याकडे आहे असं मला अंधुक आठवतं. असेल तर ताबडतोब पाठवा. एक सेकंदही कापू नका. या वेळी मी त्या दुकानदाराकडूनच दाबून घेईन. आणि मी मागितली असं धाकटीला कळू देऊ नका. तुम्हाला आपणहून सुचलं असं म्हणा, मी आश्चर्य दाखवीन.

आणखी एक ता. क. : लिहिलेलं मोठ्याने वाचून बघायची आमची डेस्कवरची खोड. काल वरचं सगळं पत्र मी पलीकडच्या खोलीत वाचून पाहिलं आणि तिने ते अथपासून इतिपर्यंत ऐकलं. मला हाक मारली. म्हणाली, इकडे या, खाली बसा. मी तिच्या तोंडाखाली फरशीवर बसलो. तिने हळू आवाजात बाईंची एक ओळ म्हटली आणि मला म्हणाली, आता तुम्ही म्हणा. ताई, माझा आवाज तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हटली, ती म्हणाली, चूक. पुन्हा म्हटली, पुन्हा चूक. आज सकाळपासून आमची तीच एक ओळ चालली आहे, मला ती अजून आलेली नाही, आणि तिची मान एकदाही वर आलेली नाही. रेकॉर्डिंगचं तिने तुम्हाला कळवायला सांगितलं आहे, ते तिच्याच शब्दांत, ती म्हणाली तितक्या वेळा लिहितो : ताई, घाई करू नकोस. ताई, घाई करू नकोस.