कावळा शिवला त्या दिवसाचं

बुध. ८ फेब्रु. ५६, धार
वही घेऊन दीड महिना झाला, आज पहिलं अक्षर. रोज काहीतरी निघतं. काल बसलो होतो, तर गल्लीत अस्वलवाला आला. त्याच्या मागे तलावापर्यंत.
लिहायचं ते हे. दोन वर्षांपूर्वी इथल्या मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला, दिनूचा योहान झालो. देवासला घरी सांगितलंच नाही, मिशनमध्ये राहतो हेही नाही. डिसेंबरात बाबा गेले. मी एकुलता. दहाव्याला नदीवर डोकं भादरून पिंड ठेवला. काकांच्या कानावर काही आलं होतं. चारचौघांत विचारलं, "ख्रिस्ती झालास म्हणे?"
म्हटलं, छे! कोण म्हणतं?
प्रभूला नाकारणाऱ्या शिष्याच्या वेळी कोंबडा आरवला. माझ्या वेळी कावळा शिवला, लगेच. ते ऐकून आई त्या दिवशी प्रथम जेवली.

शुक्र. १०
पाद्रीसाहेबांना सगळं सांगितलं. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "प्रभूने तुला केव्हाच परत घेतलंय. पण नाकारलंस चारचौघांत, कबूलही चारचौघांतच कर. रविवारी मंडळीपुढे उभा राहा, मग प्रभुभोजनाला ये."
म्हटलं, देवासला बातमी जाणारच. आईच्या लेखी तो पिंड फुकट, बाबा अधांतरी.
"आणि तू?"
मी तर आत्ताच अधांतरी. ना त्या पंगतीत, ना या.

शनि. ११
थैली भरून स्टँडवर. बदनावरची मोटर लागलेली, देवासच्या उलट दिशेची. तिथे मिशनच्या फाटकावरचा मांगू भेटला. "किधर चले, योहान भिया? कल तो तुम्हारी पेशी है!" पेशी म्हणे, कोर्टात असते तशी! दात काढून हसला.
चढलो नाही. का, ते विचारू नये.
दिवसभर पाठ करतोय : मी नाकारलं. पुढचं तोंडात येत नाही. डोक्यावर हात फिरवला की नुकते वाढलेले केस टोचतात.

रवि. १२, सकाळ
पहिली घंटा झाली. निघण्याआधी लिहितोय. बोलणार. आधी इथे, मग देवासला जाऊन स्वतः आईला. कुणाच्या तोंडून तिला कळण्याआधी—
मांगू धावत आला. फाटकाशी टांगा थांबलाय. नऊवारीतली म्हातारी, एकटीच, देवासहून. दिनू कुठे म्हणून विचारते. याने सांगितलं, यहाँ कोई दिनू नहीं, माँजी.
ती म्हणे उतरून पायरीवर बसलीये. म्हणते, आहे. मी त्याची आई.