आपलं-परकं कळायच्या आधी

ता. ३ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मागचं बाळ ज्या रक्ताच्या आजाराने पोटातच गेलं, तोच या बाळालाही आहे. काल कळलं. पण या वेळी उपाय आहे म्हणे. माझ्या हाडांतल्या मूळपेशी काढून जन्माआधीच बाळाला सुईने द्यायच्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढ्याशा जिवाला आपलं-परकं कळत नाही. आत येईल ते घरचंच वाटतं. तू रडू नकोस, मी दोघींपुरतं रडून घेतलंय. लोभ आहेच, आता दोघांवर कर.

तुझी,
ठमी

ता. ९ मार्च

चि. सौ. ठमीस,
अ. उ. आ.

पत्र आल्यापासून रक्त वाढावं म्हणून शिलाईमशीनवर बसूनही बीट खातेय. शाळेच्या मास्तरांनी शिवायला टाकलेल्या पांढऱ्या शर्टावर डाग पडला, त्यांनी चार शब्द सुनावले. पेशी माझ्याच घ्यायच्या. तुला धड उठवत नाही, त्यात हाडात सुई कशाला? हा दोष निम्मा माझ्याकडून आलाय, मला वाईट वाटू नये म्हणून जावईबापू कितीही झाकू देत. भरपाई तरी करू दे. बाळाला परकं कळत नाही, मग आजीचं काय वाईट? सोमवारी निघते.

आई

ता. १३ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

निघू नकोस. बाळ नाही म्हणत नाही गं, माझं शरीर म्हणतं. दुसऱ्या कुणाच्या पेशी बाळात गेल्या तर माझं शरीर त्यांच्यावर तुटून पडेल. म्हणून फक्त माझ्याच. तुझ्यासुद्धा नाहीत, मी दोनदा विचारलं. तुझ्याच पोटची मी, आणि हे तुला लिहावं लागतंय. रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.

ठमी

ता. २ ऑगस्ट

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मुलगा झाला. जिवंत आहे. माझ्या पेशी त्याने नाकारल्या नाहीत, पण रुजल्या अगदी थोड्या. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागणार. मोठा झाल्यावर माझ्याच पेशी पुन्हा देऊन बघतील. त्याचं शरीर मला परकी मानत नाही, एवढीच आशा. तू रक्त देते म्हणशील. नात्यातलं घेत नाहीत, पुढच्या उपचाराला अडचण येते. काचेपलीकडून बघत बसते, दुसरं काही हातात नाही.

ठमी

ता. ७ ऑगस्ट

चि. सौ. ठमीस,
अ. उ. आ., बाळाला पापा.

द्यायचं नव्हतं ते दिलं, द्यायचंय ते चालत नाही. काल दुकान बंद ठेवून पोटभर रडले. बीट सोडलंय.

तुझ्या जुन्या मऊ ओढणीचं झबलं शिवलंय. शिवण बाहेरून घेतलीय, अंगाला टोचायला नको. तीनदा पाण्यात उकळलंय. ते तरी त्याला चालेल का, डॉक्टरीणबाईंना विचारून लगेच कळव.

आई