पंपाच्या पेटीतला पिवळा बल्ब

आई, आपल्या सोसायटीतली पंपाची जुनी पेटी परवा भंगारवाल्यानं नेली. टाकीशेजारच्या ओट्यावर तिचा चौकोनी डाग तेवढा राहिला आहे. तू गेल्याला इतकी वर्षं झाली की ती पेटी तू बनवून घेतली होतीस, हे बिल्डिंगमध्ये आता माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. जुनी माणसं मुलांकडे गेली, काही वारली, घरं भाड्यानं गेली. म्हणून वाटलं, निदान तुला तरी कळवावं.

तू स्वारगेटजवळच्या त्या गाळ्यात मोटरींचं वाइंडिंग करायचीस. शाळा सुटली की मी तिथे येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे. वॉर्निशच्या वासानं माझं डोकं दुखायचं, पण तांब्याची तार तुझ्या बोटांतून सरकताना बघायला आवडायचं. पावसाळ्यात बंद पडलेल्या मोटरींची रांग लागायची. एकदा एक गृहस्थ तावातावानं मोटर घेऊन आले. "अहो बाई, एक थेंब लागू दिला नाही हिला. ताडपत्रीत बांधून ठेवली होती, तरी जळाली!" तू मोटर उघडलीस. आतली तार हिरवी पडली होती. ती त्यांच्यासमोर धरून तू म्हणालीस, "पावसानं नाही गेली ही. तुमच्या मायेनं गेली." ते गेल्यावर गाळ्यात काम करणाऱ्या बाकीच्या बायका कितीतरी वेळ हसत होत्या. तू हसली नाहीस. पुढची मोटर ओढून घेतलीस.

मला तेव्हा ते कळलं नव्हतं. कळलं ते आपल्या स्वयंपाकघरात. मी पोळ्या केल्या आहेत, बहुधा पहिल्यांदाच एकटीनं सगळ्या, आणि गार होऊ नयेत म्हणून गरम असतानाच डब्यात भरून झाकण घट्ट लावलं आहे. तू कामावरून येतेस, पाय धुतेस, डबा उघडतेस. झाकणाच्या आतून पाणी ओघळतं आणि वरच्या पोळ्या चिकट होऊन बसल्या आहेत. "अगं, श्वास घेऊ दे की त्यांना," तू म्हणतेस. मग झाकण माझ्यासमोर धरतेस. "हे पाणी कुठून आलं? बाहेरून कुणी ओतलं का?" मी झाकण पुसायला फडकं उचलते. "आतलंच आहे. मोटर चालते तेव्हा गरम होते. बंद झाली की गार पडते, आणि आतल्या दमट हवेचं असंच पाणी होतं. वर घट्ट गुंडाळलं की ते जाणार कुठे?" त्या पोळ्या तूच खाल्ल्यास. मला खालच्या, कोरड्या वाढल्यास.

आपण कर्वेनगरला राहायला आलो तेव्हा पंप उघड्यावर होता आणि सेक्रेटरींनी त्याला प्लास्टिक गुंडाळून वर सुतळीच्या गाठी मारल्या होत्या. तू ऑफिसात जाऊन म्हणालीस, "साहेब, मोटरीला रेनकोट घातलात, छान केलंत. आता तिला सर्दी होईल तेव्हा मला बोलवा." झालंही तसंच. मग तू ती पत्र्याची पेटी करून घेतलीस. वर उतरतं छप्पर, दोन्ही अंगांना खाली वळवलेल्या झडपा, तळाला पाणी निथळायला भोक. आणि आत, मोटर आणि स्टार्टरच्या मधोमध, जुन्या पद्धतीचा तारेचा पिवळा बल्ब. पाऊस सुरू व्हायच्या आधी तू तो लावायचीस आणि दिवाळी झाल्यावर काढायचीस. पंप बंद असला तरी पेटी किंचित कोमट राहायची, आणि कोमट जागी पाणी धरत नाही. रोज संध्याकाळी खाली जाऊन तू पत्र्याला हाताची मागची बाजू लावून बघायचीस, मला ताप आला की कपाळाला लावायचीस तशी.

तू गेल्यावर पेटीची किल्ली माझ्याकडेच राहिली. कुणी मागितली नाही, मीही दिली नाही. नोकरी होती तोवर ते एक काम होतं. निवृत्त झाल्यावर त्या कामाचंच निमित्त झालं. मी हात लावून उभी असले की पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ दूध घेऊन येताना विचारायचे, "काय, पेशंटला ताप आहे का?" मी म्हणायचे, "नॉर्मल आहे." ते म्हणायचे, "मग डिस्चार्ज द्या की." रोज हेच. काही दिवस असे असायचे की माझं दिवसभराचं बोलणं एवढंच.

यंदाही पावसाच्या तोंडी मी बल्ब लावला, आणि दोनच दिवसांनी हात लावला तर पत्रा गार. आत बघते तर एलईडी, लख्ख पांढरा. नवीन सेक्रेटरी तरुण आहेत, चांगले आहेत. विजेची बचत म्हणून ऑफिसातल्या दुसऱ्या किल्लीनं पेटी उघडून त्यांनीच बल्ब बदलला होता. मी म्हटलं, "अहो, हा उजेड देतो, ऊब देत नाही." ते हसले. "काकू, मग आत उजेड हवाय कुणाला?" मी त्यांना ओल कशी धरते ते सगळं समजावून सांगितलं, पोळ्यांच्या त्या डब्यासकट. त्यांनी नीट ऐकून घेतलं. इतकं नीट की पुढच्या मीटिंगमध्ये जुन्या पेटीऐवजी नवीन पॅनेलच मंजूर करून घेतलं. त्यात लहानसा हीटर आहे, हवा दमट झाली की आपोआप चालू होतो, आणि त्यांना मोबाइलवर कळतं. मी पाहिलं, काम चोख आहे. हवा खेळायला जागा आहे, तळाला भोकही आहे. तुलाही नाव ठेवता आलं नसतं.

मी किल्ली दिली तेव्हा त्यांनी जुना पिवळा बल्ब वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात ठेवला. "आता पावसापाण्याचं खाली यायला नको, काकू. आराम करा." किती आपुलकीनं म्हणाले. मी म्हटलं, "बरं झालं बाई, सुटले." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तरीही खाली गेले. नव्या पॅनेलला हात लावणं बरं दिसेना, म्हणून नुसती उभी राहिले. पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ आले, दुधाची पिशवी सावरत म्हणाले, "वा, नवीन बसवलं का?" आणि वर गेले. आता विचारण्यासारखं काही राहिलं नाही, त्यात त्यांची काय चूक.

काल मंडईत गेले होते. तिथल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून होल्डर आणि वायर आणली, आणि तुझ्या लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा रिकामा करून तो बल्ब त्यात लावला. वरच्या कप्प्यात तुझी दोन लुगडी आहेत, त्यांना पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून. शेजारणीनं विचारलं तेव्हा तिलाही तेच सांगितलं. दार थोडं किलकिलं ठेवलं आहे, हवेसाठी. आज संध्याकाळी दूध घेऊन घरात आले तर आतल्या खोलीत पिवळी रेघ दिसत होती. पिशवी खाली ठेवून मी कपाटाला हात लावला. कोमट होतं. "नॉर्मल आहे," मी मोठ्यानं म्हटलं.

हे पत्र वरच्या कप्प्यात, लुगड्यांच्या घडीत ठेवते. दुसरीकडे कुठे पाठवणार? आणि एक सांगते, तुझ्यापासून काय लपवायचं. बल्ब लावायच्या आधी मी कपाटात सगळीकडे हात फिरवून पाहिला होता. आत ओल कुठेच नव्हती.