आक्काच्या शेवया

लातूर, बुधवार, दिवेलागण

पोरीनं माझ्या फोनातले आक्काचे व्हिडिओ उडवले. इचारलं बी न्हाई. म्हणे, "आई, क्लासचे लेक्चर मावंनात. जे लई जागा खात होतं ते काढलं."

सगळ्यात मोठा आक्काचा शेवया करतानाचा होता. माझी थोरली बहीण, दिवाळीआधी गेली. भूकंपात आईचा एकुलता फोटो ढिगाऱ्यात गेला, म्हणून आक्काचं समदं भरून ठेवलं होतं. पोरीला हे ठाव हाय. हिच्याच क्लासपायी गाव सोडून हितं खोली करून राहिले, आन हिनं असं करावं?

पण मी तरी काय केलं? आक्का उदगीरहून चार दिवस आली, तर मी फोनच धरून उभी. ती म्हणली, "ठेव की गं ते. जरा हात लाव."

लावला न्हाई. आज पीठ मळून बसले, तर तिचे हात कसे चालायचे तेच आठवंना.