रीतसर अर्ज

९ नोव्हें., रवि.
दादा एडनच्या हॉस्पिटलात, आज आठवा दिवस. पक्षाघात. जहाज पुढे निघून गेलं, आमचे इंजिनिअरसाहेब येमेनमध्येच. उजवी बाजू गेलीय, आणि इंग्रजीही. नुसतं मराठी बोलतो. सलमा नावाची नर्स फोन त्याच्या तोंडाशी धरते. आज "उशी, उशी" करत होता. मी इथे आखातात, ऑफिसच्या पॅन्ट्रीत उभी राहून "पिलो! पिलो!" ओरडतेय. डॉक्टर म्हणतात, घरचं कुणीतरी जवळ हवं. घरचं म्हणजे मीच. दुसरं आहे कोण?

११, मंगळ.
येमेनला जायला भारतीयांना बंदी. गेलं तर पासपोर्ट जप्त. मग इथला व्हिसा, नोकरी, सईची शाळा, सगळंच खलास. रात्री सई झोपल्यावर श्री म्हणाला, "आपण रीतसर अर्ज करू. खरं काय ते लिहू." खरंय, आमचं घराणंच असं, जिन्यात कुंडी ठेवायची तरी सोसायटीला अर्ज देणारं. दादाचे रिपोर्ट, नात्याचा पुरावा, तीन प्रती. वर प्लॅस्टिकचं फोल्डर. मला बरंसुद्धा वाटलं.

१६, रवि.
परवानगी नाही. दूतावासातल्या काउंटरवरचा माणूस मऊ आवाजात म्हणाला, "मॅडम, अब तो लिखित में है कि आप जाना चाहती हैं. प्लीज, मत जाइएगा."

१७, सोम.
शेजारच्या टेबलवरची जेसी. तिची बहीण तिकडे नर्स होती. "पूछा क्यों? लोग तो चुपचाप दूसरे देश से निकल जाते हैं." पूछा क्यों!! दिवसभर डोक्यात तेवढंच. घरी येऊन श्रीवर तोंडसुख घेतलं. त्याने ऐकून घेतलं. त्याचं तरी काय चुकलं, अर्जावर सही माझीच. सई म्हणाली, "आई, जस्ट गो ना." तिच्यावरही खेकसले. मग वाईट वाटलं. फार.

२०, गुरु.
दिल्लीला दुसरा अर्ज. परत रीतसर. दुसरं येतं काय आम्हाला. दादाला इकडे आणायचं तर विमानात बसण्याइतका बरा व्हायला हवा, आणि बरा व्हायला जवळ कुणीतरी…

संध्याकाळी फोन. आज शब्द अगदी स्वच्छ.
"निघालीस का गं?"
"हो रे दादा. निघाले."
सलमाने विचारलं, काय हवंय त्यांना? मी म्हटलं, काही नाही, थोडं पाणी द्या.